पाटीचा सवाल

बिरू, तुझी हिरा माझा डफ परत घेऊन आली.

भैरोबाच्या जत्रेला दोन दिवस होते. मी उसाला पाणी पाजत चिखलात उभा होतो, तर बांधावरून एक बाई घोंगड्यात काहीतरी गोल गुंडाळून येताना दिसली. मला वाटलं, परात असेल. जवळ आल्यावर ओळखलं, तुझी कारभारीण हिरा. म्हसवडाकडून एस.टी.नं कराड, तिथून दुसरी गाडी, आणि फाट्यापासून उन्हात पायी आली होती. पाणीसुद्धा मागितलं नाही. "दौलतभाऊ, ह्यो तुमचा. धरा," एवढंच म्हणाली. मी हात धुऊन डफ घेतला आणि बोटानं टिचकी मारली. काय खणखणीत वाजला म्हणून सांगू! तुमच्या कोरड्या हवेत इतकी वर्षं टांगलेला, चामडं कसं ताठ. डफाच्या कडेला माझ्या तुऱ्याशेजारी तू तुझी कलगी बांधून ठेवलेली दिसली आणि मी तिथंच बांधावर बसून पोरासारखा रडलो. फौजी माणूस, मिशा पिकलेल्या, आणि हिरा उभी राहून बघते आहे. लाज सोडली होती मी.

तर रडून झालं आहे. आता भांडायला बसलो आहे. आपलं भांडण अर्ध्यावर टाकून तू खुशाल निघून गेलास, हे मला मुळीच पसंत नाही.

तुला सगळं ठाऊकच आहे, पण हा कागद दुसऱ्या कुणाच्या हाती पडला तर त्याला कळावं म्हणून आपली रीत लिहून ठेवतो. आपण दोघं भेदिक गाणारे. तुझा फड कलगीचा, म्हणजे शक्ती थोर म्हणणारा. माझा तुऱ्याचा, शिव थोर म्हणणारा. जत्रेत समोरासमोर उभं राहायचं, एकानं डफावर सवाल टाकायचा, दुसऱ्यानं तिथल्या तिथं जवाब रचायचा. मागचे झीलकरी शेवटची ओळ उचलून धरतात. जवाब आला नाही, किंवा पंचांनी सवाल बाद ठरवला, तर आपला डफ समोरच्याच्या हाती द्यायचा. पुढच्या एखाद्या जत्रेत जवाब सापडला की डफ परत. आणि डफ जिंकून नेणारा मधेच वारला, तर त्याच्या घरचं माणूस डफ आणून देतं, पण फुकट नाही. डफवाल्यानं आधी त्या गेलेल्याचा सवाल भर जत्रेत मांडायचा, मग आपलं गाणं. सवाल अनाथ ठेवायचा नाही, असं जुनी माणसं म्हणत.

आपली ओळख डफानंच करून दिली. मी पलटणीतून पेन्शनीत येऊन फार दिवस झाले नव्हते. दिवाळीनंतर दरसालप्रमाणे माणदेशातल्या धनगरांचे कळप खाली उतरले आणि तुझी मेंढरं खतासाठी माझ्या मोकळ्या रानात बसली. मी विहिरीवरच्या मोटेच्या धावेवर बसून सराव करत होतो. तू लांबून ओरडलास, "मालक, गळा बरा हाय, पर डफ ढिला हाय!" मला असा राग आला! पलटणीत माझ्या डफावर सुभेदारसुद्धा डोलायचा. तू आलास, डफ घेतलास, उसाचं पाचट पेटवलंस आणि त्या जाळावर चामडं फिरवत बसलास. "कालव्याकाठचा डफ वल धरतोय. आमच्यात बगा, डफ कवाबी टाइट. तुमच्यात पान्यानं डफ ढिलं, आमच्यात पान्याबिगर पोटं ढिली." हसत बोलत होतास. मीही हसलो. त्यात काही टोचण्यासारखं आहे हे माझ्या ध्यानात यायला बरीच वर्षं जावी लागली.

रानात तू मला मालक म्हणायचास, फार तर दौलतराव. फडात उतरलास की "ऐक गड्या!" मला तो फडातला बिरू जास्त आवडायचा. कितीदा तुला म्हटलं, अरे, रानातही गड्याच म्हण. तू म्हणायचास, "मेंढरं तुमच्या रानात बसत्यात तवर न्हाई जमायचं." मी चिडायचो. चिडून उपयोग नव्हता, हे तुला माझ्याआधी कळलं होतं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आमच्या गावानं तुमच्याकडच्या छावणीतल्या गुरांसाठी ट्रक भरून उसाचं वाढं धाडलं, आणि मी ट्रकवर बसून आलो. खरं तर तुला शोधायला आलो होतो, कारण त्या साली तुझा कळप खाली उतरलाच नव्हता. कळप उरलाच नव्हता म्हणा. तू मला रस्त्याच्या कामावर सापडलास, खडी फोडताना. भुवया, मिशा, सगळं पांढरं. मी आधी ओळखलंच नाही. जेवणाच्या सुट्टीत तू माझ्यापुढं कामावर वाटलेली सुकडी धरलीस आणि म्हणालास, "खावा, पाव्हणं. आज तुमी माझ्या रानात हाय."

सुट्टी संपल्यावर मी तिथंच थांबलो. मुकादम खडीनं भरलेली पाटी उचलून एकेका बाईच्या डोक्यावर देत होता. हिरा त्या रांगेत होती. तू हातोड्याच्या ठेक्यावर काहीतरी म्हणत होतास, सारी रांग तुझ्या ठेक्यावर हातोडे मारत होती आणि शेवटच्या शब्दाला हातोडे एकदम थांबत होते. असलं गाणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. त्यात ना शिव ना शक्ती. मुकादम वरून ओरडला, "ए शाहीर, काम कर!" तू म्हणालास, "कामाचंच गातुया की, सायेब."

मी तुला बाजूला घेऊन म्हटलं, "बिरू, पुराण सोडून हे काय काढलंस?"

"पुरानात खडी न्हाई, दौलतराव. पोथी उलटीपालटी करून बगितली."

पुढच्या चैत्रात तू आमच्या जत्रेला आलास. अंगावर मांस नव्हतं, पण डफ होता. मी तुला ठरल्याप्रमाणे सृष्टीच्या उत्पत्तीचा सवाल टाकला, तू तो चुटकीसरशी सोडवलास. मग तुझी पाळी आली. तू डफ खांद्याशी लावलास, क्षणभर कालव्याकडं बघितलंस आणि तो रस्त्यावरचा ठेका धरलास.

आजा माझा खांदत गेला, पाटी डोक्यावर,
पाणी आलं, वळून गेलं तुझ्या मळ्यावर.
सायेब गेला बोटीत बसून, ऱ्हायली पाटी मागं,
आज्याची ती नातवाच्या डोई कुणी ठिवली? सांग!

गोऱ्या साहेबाच्या अमदानीत असाच दुष्काळ पडला होता, तेव्हा माणदेशातली माणसं पोटावारी आणून आमचा कालवा खोदून घेतला होता, हे आमच्याकडं सगळ्यांना ऐकून ठाऊक होतं. ते गाण्यात कुणी घालेल असं कुणाला वाटलं नव्हतं. पंचांच्या खुर्चीवर आमचे आप्पा होते, माझे थोरले चुलतभाऊ. कालव्याच्या कमिटीतही तेच, पाण्याची बारी ठरवणारे तेच. ते उठून म्हणाले, "ह्यो सवाल पुरानातला न्हाई. सवाल बाद. धनगरानं डफ खाली ठिवावा."

तुझा डफ म्हणजे तुझ्या आज्याचा डफ. तो गेला असता तर तू पुन्हा आमच्या पट्ट्यात कुठंच उभा राहिला नसतास. मी नुसता गप्प बसलो असतो तरी जिंकलो असतो. पण मला आप्पांचा फार राग आला. सवाल माझ्यावर पडलेला, आणि बाद करणारे हे कोण? गोळी माझ्या छातीवर आली तर मोर्चा कुणी दुसऱ्यानं सोडायचा? मी म्हणालो, "आप्पा, सवाल मला केलाय. मला जवाब येत न्हाई." आणि माझा डफ तुझ्या हातात दिला.

गावानं मला महिनाभर खाऊन टाकलं. फौजीनं बंदूक टाकली, म्हणाले. आमच्या घरातून तर उपरोधानं विचारलं गेलं की आता तुणतुणं तरी आहे ना शिल्लक. आणि तू दुसऱ्या दिवशी रानात येऊन काय म्हणालास? "का दिला, मालक? तुमास्नी उगा तरास." मी तुला शिव्या घातल्या. मनातून मात्र मला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं, हे तुला सांगायचं राहून गेलं.

त्यानंतर दर चैत्रात तू यायचास, तोच सवाल टाकायचास, मी उसन्या डफावर जवाब द्यायचो आणि आपटायचो. एका साली मी म्हटलं, नशिबानं ठेवली. तू डफ थांबवून विचारलंस, "नशीब म्हंजी कोन रं गड्या? त्येचं गाव कंचं?" जत्रा खो खो हसली. पुढच्या साली म्हटलं, साहेबानंच ठेवली. "सायेब जाऊन म्हातारा झाला आसंल. त्येचा हात यवडा लांब हाय व्हय?" मग सरकारवर ढकललं. तू आप्पांच्या खुर्चीला वाकून रामराम केलास आणि म्हणालास, "सरकार हितंच बसल्यात. इचारा की." दर वेळी शेवटी तुझं ठरलेलं, "यंदाचा जवाब बी कच्चा, गड्या. पिकवून आन."

आप्पांनी तुला पुन्हा बाद केलं नाही, एवढं त्यांच्या बाजूनं लिहितो. कारण लोक आता तुझा सवाल ऐकायलाच यायला लागले होते.

नवा कळप उभा राहिल्यावर तू पुन्हा माझ्या रानात उतरायला लागलास, तिथं मात्र आपण खरंच भांडलो. मी म्हणालो, "आमच्यावर काय खार खातोस? आम्हाला कुणी ताटात वाढून दिलं नाही. माझा बाप साहेबासाठी बसऱ्याला लढला, पायाची बोटं तिथं ठेवून आला."

"व्हय, पर तुमच्या बाला परत आल्याव जिमीन हुती."

"ती त्याच्या बापाची. आमच्या आज्यानंही घाम गाळला असेल. कालव्याच्या कामावर आमच्या गावची माणसंसुद्धा होती."

"हुतीच की," तू म्हणालास. "पर पाटीच्या कंच्या बाजूला?"

मी उठून गेलो. दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही, तुझ्याकडून येणारं शेळीचं दूधही परत धाडलं. तिसऱ्या दिवशी तू स्वतः तांब्या घेऊन दारात आलास आणि म्हणालास, "भांडान माझ्याशी हाय, शेळीनं काय केलंय?" झालं, मिटलं. पण तो पाटीचा विषय तू रानात पुन्हा काढला नाहीस.

खोकला तुला दुष्काळापासूनच होता. खडीचा धुरळा छातीत बसला होता. गेल्या चैत्रात तू फडात बसून गायलास. दुसऱ्या ओळीला ढास लागली, पुढचं तुझ्या झीलकऱ्यांनी म्हटलं आणि तू नुसता डफ वाजवत राहिलास. मी त्या दिवशी मुद्दामच जवाब दिला नाही. तुला वाटलं, मला सुचला नाही. निघताना तू माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, "जवाब सापडला तर लगी सांगू नगा. डफ गेला तर माझी भिंत मोकळी पडंल." तेव्हा तुला धरून ठेवायला हवं होतं. मी म्हणालो, गाडी चुकेल, नीघ.

यंदा कळप आला तो तुझ्या भावासोबत. तू नव्हतास. बरं वाटलं की येतोय म्हणाला, असं त्यानं सांगितलं. मी विश्वास ठेवला, कारण ठेवायचा होता. फाल्गुनात निरोप आला. मी एस.टी. बदलत पोचेपर्यंत तुझी माती झाली होती. तुझ्या घराच्या भिंतीवर माझा डफ बघितला आणि हात न लावता परत आलो. मागायचं तोंड नव्हतं. रीत हिराला आठवली, मला नाही.

आता जत्रेचं सांगतो, त्यासाठीच तर बसलो आहे.

दोन दिवसांत कालव्याच्या ओलीनं डफ पार ढिला पडला होता. हिरानं पाचट पेटवलं, मी डफ तापवला. ती म्हणाली, "ते आसंच फिरवायचं."

फडात उभा राहिलो. समोर कुणी शाहीर नव्हता, खुर्चीवर आप्पा होते. रीतीप्रमाणे मी म्हणालो, आधी गेलेल्याचा सवाल. आणि तुझ्या चार ओळी तुझ्याच ठेक्यावर गायलो. "कुणी ठिवली? सांग!" म्हणून थांबलो, आता मागून झील उठायला हवी. उठली नाही. वळून बघितलं तर माझे झीलकरी, माझ्यामागं हयात घालवलेली माणसं, जमिनीत काहीतरी हरवल्यासारखी खाली बघत होती. प्रत्येकाच्या घरी ऊस आहे, आणि आप्पांनी पाण्याची बारी चुकवली तर उभा ऊस वाळतो. मला कळत होतं. म्हणून मी रागावलो नाही. रागावलो, पण नंतर.

पुन्हा एकदा गायलो. एकट्याचा आवाज भर जत्रेत किती बारका होतो, बिरू! शेवटच्या शब्दाला पोचलो, आणि तेवढ्यात मागून, पिंपळाखाली जिथं तुझ्या भावाच्या कळपाची माणसं बसली होती, तिथून झील आली. फाटकी, बायकी, पण ठेक्यात पक्की. हिरा होती. खडीवरच्या रांगेत तिनं ती ओळ किती वेळा ऐकली असेल! मग तुझा भाऊ. मग ऊसतोडीच्या दोन-चार बाया, ज्यांचा तुझ्याशी कसलाही संबंध नव्हता, पण डोक्यावर रोज उसाची मोळी असायची. कुणी ठिवली? सांग!

आप्पा उठले. "थांबवा हे. बायकांनी झील धरायची रीत न्हाई आपल्यात."

हिरा डोक्यावरचा पदर सारखा करत पुढं आली. तिचा आवाज चढला नाही. "रीत न्हाई तर ऱ्हाऊ दे, आप्पा. सोडली म्या झील. पर जवाब द्यायची तर रीत हाय न्हवं?"

आप्पा उभेच राहिले. मग ते खुर्ची सोडून घरी गेले. जत्रा कुजबुजत पांगली, आणि त्या दिवशी माझं गाणं झालंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा माझ्या ओसरीवर आले. चहा घेतला नाही. डफासमोर बसले. मला वाटलं, आता हुक्का-पाणी बंद. तर म्हणाले, "दौलू, त्या धनगराचा आजा खरंच कालव्यावर हुता का रं?"

"होता," मी म्हणालो.

"आपला आजा बी हुता." मग म्हणाले, "मुकादम हुता त्यो. माझा बा सांगायचा. पाटी भरली की आजा सोता उचलून डोईवर द्यायचा. सायेब खूश झाला, आन्‌ कालव्याच्या तोंडाची जिमीन दिली. तुझ्या बाला ठावं नसंल, त्यो ल्हान हुता." आणि काठी टेकत उठून गेले.

तुला हसू येत असेल. पाटीच्या कोणत्या बाजूला, असं तू विचारलं होतंस, आणि मी दोन दिवस दूध परत धाडलं होतं. तुला हे ठाऊक होतं का रे? की तू अंधारात दगड मारलास? हे आता कुणाला विचारू?

जवाब सापडला, बिरू. पण तो ओसरीवर सापडला, आणि ओसरीवरचा जवाब आपल्यात धरत नाहीत. फडात, डफावर, सगळ्यांच्या समोर म्हणावा लागतो. मी आप्पांच्या घरी जाऊन तसं सांगून आलो. ते म्हणाले, "तू म्हन. म्या खुर्चीवर बसतो." मी म्हणालो, "न्हाई आप्पा, आपला आजा हाय. दोघं म्हणू. मी डफ धरतो, तुम्ही झील धरा." त्यावर ते हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत.

हिराला पुढच्या चैत्राचं आवतण धाडलं आहे. सवाल तिनं टाकायचा, तुझ्या आज्याच्या डफावर. कलगी मी सोडलेली नाही, माझ्या तुऱ्याशेजारी तशीच बांधलेली आहे. डफ रोज ओल धरतो आणि रोज सकाळी मी पाचट पेटवून तो तापवतो. जाळावर फिरवताना तू म्हणायचास ते आठवतं, पिकवून आण. पिकवतोय, गड्या.